आरसेमहालातली ओली पावलं

निंभोरीच्या कोठीतलं पाणी कुणीतरी चोरतंय, हे कोठीच्या सूनबाई सुभद्राकाकूंनी बोलून दाखवलं ते वैशाखातल्या एका सकाळी, भर अंगणात, सगळ्यांसमोर. तुबा तेव्हा पायरीवर बसून चूळ भरत होती. ती चूळ तशीच गालात धरून ऐकत राहिली.

"शेवटच्या ड्रममधलं पानी रोज उतरून राह्यलं," काकू म्हणाल्या. त्यांच्या हातात कडुनिंबाची लांब काडी होती आणि काडीवर रोजच्या पाण्याच्या उंचीच्या, नखानं पाडलेल्या खुणा होत्या. "आमी त्याले हात लावला नाई. मंग कोनं लावला?"

पाण्यासाठी एवढा तमाशा काय, असं बाहेरच्या माणसाला वाटलं असतं. पण निंभोरी पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातली. तिथं विहीर खोदा नाहीतर बोअर मारा, वर येणार ते खारंच. चहात घातलं तर दूध फाटे, डाळ शिजायला घातली तर संध्याकाळपर्यंत दगडासारखी. गोडं पाणी यायचं ते नळयोजनेचं, आणि सलग दुसऱ्या वर्षी पाऊस रुसला तशी तीही आटली. वऱ्हाडात तेव्हा सगळीकडे तेच चालू होतं. कापूस बोंडातच करपला होता, बैल बाजारात निघाले होते, चौकशीची पथकं जीपमधून येत आणि बिसलेरीच्या बाटल्या पिऊन जात. निंभोरीला उरला होता आठवड्यातून येणारा टँकर. तो आला की अर्धा गावात रिकामा होई आणि अर्धा कोठीच्या अंगणातल्या ड्रममध्ये.

कोठी मात्र अजून कोठीच होती. कोठीचे मालक वामनराव देशमुख यांच्या पणजोबांनी ती बांधली तेव्हा अकोल्याहून लोक बैलगाड्या जुंपून बघायला आले होते म्हणतात. दोन मजले, चारी बाजूंनी पडवी, पडवीला कवेत न मावणारे चुन्याचे गोल खांब, मागे बग्गीखाना आणि हत्तीखाना, आणि मधोमध आरसेमहाल, जो फक्त दसऱ्याला उघडायचा. हत्ती कधीच गेले होते, हत्तीखान्यात आता कडबा असे. पण चुना वेळेवर लागे, सागवानाला तेल वेळेवर मिळे, कारण ते सगळं बघायला तुबाचे अब्बू होते. फारुखमिस्त्री. त्यांच्या आधी त्यांचे वडील बघत. बग्गीखान्याला लागून असलेल्या दोन खोल्यांत तुबाचा जन्म झाला होता. आणि कोठीच्या आतली झाडलोट आणि सगळ्या दारांच्या चाब्या होत्या तुबाच्या अम्मीकडे, गुलनारकडे.

म्हणूनच काकूंचं पुढचं वाक्य गुलनारच्या अंगावर येऊन पडलं.

"आन् काल दुपारी म्या आरसेमहालाच्या उंबऱ्यापाशी ओल पायली. या डोयानं पायली. बंद महालासमोर पानी आलं कुठून? चाबी तं गुलनार, तुयाच कमरेले असते."

 गावातल्या पंचफुलाबाई घागर घेऊन आल्या होत्या, त्या घागरीकडेच बघत राहिल्या.

"तुमाले वाटते, वैनीसाहेब, म्या पानी चोरून महालात ठेवून राह्यली?" गुलनारनं विचारलं.

"मले काई वाटत नाई वं. पन ओल तं होती."

गुलनारनं कमरेचा जुडगा सोडला आणि शेजारच्या ड्रमच्या झाकणावर ठेवला. ठेवला म्हणजे अगदी हळू ठेवला. पण तो आवाज अख्ख्या अंगणाला ऐकू गेला. ती वळून घराकडे चालू लागली. तुबानं तोंडातलं खारं पाणी गिळूनच टाकलं.

त्या दिवशी घरात कुणी धड जेवलं नाही. अब्बू दारात बसून करवतीला धार लावत होते, जिला परवाच लावली होती.

"अकोल्याले जाऊ," ते शेवटी म्हणाले. "सबीहाआपा कवाची बोलावून राह्यली. फर्निचरच्या दुकानात काम भेटते."

"चोर म्हनून जायाचं?" अम्मी म्हणाली. "नाई. जायाचंच असन तं जाऊ. पन हे नाव घेऊन नाई."

तुबा आत चटईवर पडून ऐकत होती. अकोला तिला काही वाईट वाटत नसे, ईदला तिथं सबीहाफुप्पीकडे, म्हणजे आत्याकडे, मजा येई. पण अकोल्यात अचल नव्हती. अचल सुभद्राकाकूंची मुलगी. दोघी सहावीत, एकाच बाकावर. आज सकाळी अचल वरच्या खिडकीत उभी होती आणि तुबानं वर बघितल्याबरोबर ती आत सरकली होती. ते तुबाला चाब्यांच्या आवाजापेक्षा जास्त लागलं होतं.

त्याच दुपारी, ऊन माथ्यावर आलं तशी सगळी कोठी निजली. खिडक्यांना वाळ्याचे पडदे होते, पण ते भिजवायला पाणी कुठलं; ते नुसते कोरडे लटकत होते. तुबा उठली आणि पडवीतून आरसेमहालाच्या दारापाशी गेली. ओल आहे म्हणतात ना, तर ती आपण बघायचीच. एका खांबाच्या आड ती बसली. चुन्याचा खांब पाठीला जरा गार लागत होता. पावसाळ्यात या खांबांतून गुळगुळ आवाज येई. लहानपणी अचल तिला सांगायची की आत भूत आहे आणि ते पाणी पितं. तेव्हा दोघी किंचाळत पळत सुटायच्या.

तिला डुलकी लागली असावी. डोळे उघडले तेव्हा दारासमोरच्या फरशीवर पावलं होती.

इवली इवली, ओली पावलं. आरसेमहालाच्या दाराखालच्या फटीतून बाहेर आलेली, भिंतीच्या कडेनं चाललेली आणि पडवीच्या टोकाशी बागेत उतरलेली. तुबा गुडघ्यांवर बसली. बोटं दिसत होती, बोटांपुढे नखांचे ठिपके दिसत होते. आणि ती बघत असतानाच पावलं कडेनं आक्रसू लागली. त्या उन्हात पाणी टिकणार किती? ती धावत जिना चढून वर गेली, अचलला हातानं धरून ओढत खाली आणलं, तोपर्यंत फरशी कोरडी ठणठणीत झाली होती.

"मले तं काई दिसत नाई," अचल म्हणाली.

"होती. आल्लाची शपथ, होती. बारकी बारकी. आतून बाहेर आलेली."

अचल फरशीकडे बघत राहिली, मग तुबाकडे. "मायी आई सकाळी बोलली ते मले नाई आवडलं," ती एकदम म्हणाली. "मले खाली याचं होतं. पन मले भेव वाटलं, तू बोलशीन का नाई म्हनून."

"मी काहून नाई बोलनार?"

एवढं झालं आणि दोघींच्या मधलं जे काही अडकलं होतं ते सुटलं. अचल उंबऱ्यावर बसून विचार करायला लागली. विचार करताना ती नाक खाजवे, तशी खाजवू लागली.

"पावलं वाळते म्हनून कोनाले दाखवता येत नाई. बरोबर? मंग ते वाळले तरी राह्यले पायजे. थांब!" ती आत पळाली आणि देवघरातला रांगोळीचा डबा घेऊन आली. "उद्या हे टाकू. ओला पाय पडला का रांगोळी चिकटून येते. मंग वाळू दे न किती वाळते ते."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघींनी आरसेमहालाच्या दारासमोर रांगोळीचा पातळ थर पसरला आणि त्या खांबांमागे जाऊन बसल्या. अचलनं शिंक दाबण्यासाठी ओढणी तोंडात कोंबली होती. बराच वेळ काही झालं नाही. बागेत एक होला घुमत होता, तोही थकून गप्प झाला.

मग दाराखालच्या फटीतून एक टोकदार नाक बाहेर आलं.

नाकामागून डोकं, डोक्यामागून लांबुळकं करडं अंग, आणि शेवटी केवढी मोठी शेपटी. मुंगूस! ते क्षणभर तिथंच थांबलं, मान वर करून वास घेतला. त्याच्या मिशांना पाण्याचे थेंब लोंबत होते. पोटाचे केस ओले होऊन चिकटले होते. मग ते रांगोळीवरून तुरुतुरु चालत भिंतीकडेनं गेलं आणि बागेत गडप झालं. मागे पावलांची अशी सुबक रांग राहिली की जणू कुणी मुद्दाम काढली असावी.

"मुंगसानं ड्रममधलं पानी चोरलं?" अचलनं कुजबुजून विचारलं.

"अवं, ते आतून आलं," तुबा म्हणाली.  "ते आतून ओलं होऊन आलं, अचल. आत पानी हाये."

त्या तडक आबासाहेबांकडे गेल्या. आबासाहेब म्हणजे वामनराव, अचलचे आजोबा. ते बैठकीत आरामखुर्चीवर जागेच होते; हल्ली ते दुपारचे झोपत नसत. गावातल्या माणसांनी येऊन काही मागावं आणि आपल्याला देता येऊ नये, याची त्यांना सवय नव्हती. मुलींचं बोलणं त्यांनी मध्ये न तोडता ऐकलं. मग काठी घेतली आणि पडवीत आले. रांगोळीवरची पावलं बघायला ते चक्क फरशीवर बसले.

"मुंगूसच हाये," ते म्हणाले. "सुभद्रे! ओ सुभद्रा! चाब्या घेऊन ये इकडं."

सुभद्राकाकू डोळे चोळत आल्या. आधी त्यांना रांगोळीचा पसारा दिसला आणि त्या अचलवर ओरडणार होत्या. मग त्यांना पावलं दिसली.  त्यांनी जुडग्यातली आरसेमहालाची चाबी शोधली आणि कुलूप काढलं.

आत अंधार होता. पुरुषभर उंचीचे आरसे मलमलीखाली झाकलेले, छतातलं झुंबर कापडात गुंडाळून टांगलेलं, जसं एखादं मोठं थोरलं मोहोळ. टोकाला भिंतीशी गवयांसाठी केलेलं सागवानी तख्त होतं. कधीकाळी तिथं बैठकी होत. दाराचा उजेड पडला तशी फरशीवरची ओली ओळ चमकली, आणि ती सरळ त्या तख्ताखाली गेली होती.

तख्ताखाली शिरण्याएवढं बारीक तुबाशिवाय कुणी नव्हतं. ती पोटावर सरपटत आत गेली. कोळिष्टकं केसांत अडकली. आणि मग तिच्या तोंडावर हवा लागली.

"आत गार लागून राह्यलं, आबासाहेब!" ती ओरडली. "माठात तोंड घातल्यासारखं!"

"हात सांभाळ, पोरी. इच्चूकाट्याचं पाह्य आधी."

तिनं चाचपडत हात पुढे नेला. फरशीचा एक कोपरा फुटलेला होता. बोटं आत गेली आणि खाली काहीच लागलं नाही. तिनं चुन्याचा एक खडा उचलून त्या भोकातून सोडला.

डुबुक.

 मग सुभद्राकाकूंचा आवाज आला, अगदी वेगळाच, बारीक. "पुन्हा टाक वं, बेटा."

तुबानं पुन्हा खडा टाकला. पुन्हा तसाच आवाज आला.

अब्बूंना बोलावणं गेलं. ते पहार आणि गावातल्या भगवंतभाऊंना घेऊन आले. दोघांनी मिळून तख्त सरकवलं, फुटलेल्या कोपऱ्याशी पहार घालून फरशी उचलली. तिच्याखाली दगडी पायऱ्या होत्या. अब्बूंनी बॅटरी लावली तेव्हा सगळ्यांची डोकी एकमेकांवर आपटली. खाली कमानीवर कमानी, एवढी मोठी जागा की बॅटरीचा उजेड पलीकडे पोचेना, आणि वरच्या दोन पायऱ्या सोडल्या तर सगळं पाणी. निवळशंख. तळाच्या दगडांचे सांधेसुद्धा दिसत होते.

"हे आलं कुठून?" भगवंतभाऊंनी विचारलं. "इथं तं पाऊसच नाई."

तुबाला एकदम सुचलं, आणि सुचलं तसं ती बोलून गेली. "खांबातून! पावसाळ्यात खांब बोलते. आन् आबासाहेब, आपल्या कोठीले पन्हाळ्या कुठी हायेत? गच्चीवरचं पानी कधी अंगनात पडतच नाई."

 वामनरावांनी कपाळावर हात मारला. "हौद," ते म्हणाले. "अरे, हा तं हौद हाये! मी पाच-सहा वर्सांचा असन. गड्याचं एक लेकरू पाय घसरून पडता पडता वाचलं होतं, तवा मायी आजी रडून रडून म्हने का हे झाका. मंग मले अमरावतीले शिकाले पाठवलं. परत आलो तं हे तख्त होतं. कोनं काई सांगितलं नाई, अन् म्या काई विचारलं नाई. नळ आलता न तवा." ते हसायला लागले. हसता हसता त्यांना खोकला आला आणि डोळ्यांतून पाणी आलं. "गच्चीवर पडलेला थेंब न् थेंब खांबाखांबातून इथं येत व्हता, अन् आपन वर बसून टँकरची वाट पाहून राह्यलो!"

ते पायरीवर उतरले, ओंजळ भरली आणि सुभद्राकाकू "आबा, उकळल्याशिवाय नका" म्हणेपर्यंत एक घोट घेऊनही टाकला.

"गोडं हाये," ते म्हणाले. एवढंच. पण ते ऐकून भगवंतभाऊ मटकन खाली बसले.

दारात मात्र अजून एक माणूस उभं होतं. गुलनार. ती आत आली नव्हती. उंबऱ्याबाहेर, जिथं रांगोळी पसरली होती, तिथंच पदर डोक्यावर घेऊन उभी होती.

"पानी सापडलं, बेस झालं," ती म्हणाली. "पन वैनीसाहेब, ड्रमचं काय? माया नावावर लागलं ते पानी तं अजून सापडलं नाई."

 सुभद्राकाकू सगळ्यांच्या मधून वाट काढत, चप्पल न घालता, तापलेल्या अंगणात उतरल्या. शेवटच्या ड्रमला त्यांनी स्वतः खांदा लावला. तो हलेना, तेव्हा अचल धावली, तुबाही धावली. ड्रम एका बाजूला कलला.

खाली बूड गंजून त्याला बारीकसं भोक पडलं होतं. पाण्याचा केसाएवढा धागा ओघळत होता. आणि ड्रम ठेवला होता तो नेमका काळ्या मातीच्या एका भेगेवर. अशी भेग की हात कोपरापर्यंत जावा. पाणी जसं गळेल तसं ती पिऊन टाकत होती. वर ओल यायला थेंबसुद्धा उरत नव्हता. एवढे दिवस चोर तिथंच ड्रमच्या पायाशी बसला होता आणि काकूंची काडी रोज वरून मोजत होती.

पंचफुलाबाई आणि पाण्यासाठी आलेल्या बाया फाटकाशी जमल्या होत्या. सुभद्राकाकूंनी त्यांच्याकडे बघितलं, मग त्या गुलनारकडे वळल्या. त्यांचा चेहरा उन्हानं लाल झाला होता, का कशानं कोण जाणे.

"चुकली मी," त्या म्हणाल्या, आणि आवाज खाली न आणता म्हणाल्या, म्हणजे फाटकापर्यंत जाईल असा. "चार मानसांत बोलली, म्हनून चार मानसांतच सांगतो. गुलनारनं काई केलं नाई. म्या पाह्याच्या आधी बोलली. माफ कर मले."

त्यांनी कमरेचा जुडगा काढून पुढे धरला.

गुलनारनं तो घेतला नाही.  अम्मी रागावलीय, आता अकोला, असं तुबाला वाटलं. पण अम्मीच्या तोंडावर राग नव्हता. तिचे डोळे मात्र फार थकलेले दिसत होते.

"उद्या घेईन," ती म्हणाली. "आज मले झोपू द्या, वैनीसाहेब. रातभर डोया नाई लागला."

काकू हसल्या आणि रडल्या, दोन्ही एकदम. "झोप बाप्पा, झोप. स्वैपाक म्या पाठवतो."

पुढचं सगळं भराभर झालं. आबासाहेबांनी त्याच दुपारी कोठीचं मागचं दार, जे गावाच्या बाजूला उघडतं, सताड उघडून दिलं. तपासेपर्यंत पाणी फक्त धुण्याभांड्याला न्यायचं, असं काकूंचं म्हणणं पडलं आणि कुणी त्यावर वाद घातला नाही; भगवंतभाऊ बाटली घेऊन अकोल्याला गेले. तिथं त्यांना सांगितलं, पाणी चांगलं आहे, औषध टाका आणि उकळून प्या. अब्बूंनी हौदाच्या तोंडाला जाळीचं झाकण बसवलं. मग मुंगसाचं काय, असं अचलनं विचारलं आणि सगळे मोठे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी बागेत सावलीला एक मातीचं परळ ठेवलं गेलं आणि ते रोज भरायचं काम दोघींकडे आलं. मुंगूस पहिले दोन दिवस रुसून आलं नाही. तिसऱ्या दिवशी आलं, आणि मागे दोन पिल्लं घेऊन आलं.

पण तपासणी, झाकण, मुंगूस हे सगळं नंतरचं. त्या दुपारी तुबा घरी आली तेव्हा अब्बू दाराबाहेर उभे राहून सबीहाफुप्पीशी फोनवर बोलत होते. "नाई आपा, आता नाई. ईदले येऊ न," असं काहीतरी चाललं होतं. आत अम्मी चटईवर आडवी झाली होती. पदर तोंडावरून सरकला होता, एक हात डोक्याखाली, तोंड थोडं उघडं. ती घोरत होती. अम्मी घोरते हे तुबाला माहीतच नव्हतं.

तिनं कोपऱ्यातला वहीचा पुठ्ठा घेतला आणि उशाशी बसून हळूहळू वारा घालू लागली. लांबून, मागच्या दाराकडून, हंडे-घागरींचा आवाज येत होता, मध्येच पंचफुलाबाई कुणाला तरी ओळीत उभं राहायला सांगत होत्या, मध्येच कुणीतरी मोठ्यानं हसत होतं. तुबाला वाटलं, अम्मी या आवाजानं जागी होईल. पण ती नुसती कूस बदलून पुन्हा झोपली.